चतुर्थीला ओला रंग

"सगळ्यात उशिरा वाळणारा रंग कोणता?"

शकूने असं विचारलं तेव्हा धम्मपालने हातातली स्प्रेगन खाली ठेवली. रंगाच्या धंद्यात त्याचे केस पिकले होते आणि आजवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाने त्याला बरोबर उलटा प्रश्न विचारला होता. लवकर वाळला पाहिजे, परवा पाहुणे आहेत, उद्या वास्तुशांत आहे, हेच तो ऐकत आलेला. साकीनाक्याला त्याचा फर्निचर रंगवायचा गाळा होता, आणि शेजारच्याच गाळ्यात खोट्या दागिन्यांच्या पॅकिंगला शकू कामाला होती. दुपारचा चहा दोघं एकाच टपरीवरचा प्यायची. बाई डोक्याने ठीक आहे, याची त्याला खात्री होती. म्हणून त्याने पुन्हा विचारायला लावलं, तर तिने तितक्याच शांतपणे पुन्हा तेच विचारलं.

काम साधं होतं. नाहूरला शकूच्या घरी ओट्याच्या वर आणि खाली जुनी कपाटं होती. गडद लालसर तपकिरी सनमायका, त्यावर लाकडाच्या खोट्या रेघा आणि पितळेचा आव आणणाऱ्या मुठी. भर दुपारीही स्वयंपाकघरात दिवा लावावा लागे. ती कपाटं तिला फिकट राखाडी करून हवी होती, पण सिमेंटसारखी थंड राखाडी नको, जरा उबेची. शेडकार्डावर बोट फिरवता फिरवता ती एका चौकोनापाशी थांबली. नाचणीच्या आंबिलीत ताक घातलं की जो रंग येतो, अगदी तो.

धम्मपाल म्हणाला, कपाटांची दारं काढून गाळ्यावर आणतो, स्प्रे मारतो, दुसऱ्या दिवशी कडक वाळतील, वर भांडं आपटलं तरी काही होणार नाही. शकूला ते नको होतं. मग तो नाइलाजाने ऑइल पेंटबद्दल बोलला. ब्रशने घरीच मारायचा. भाद्रपदाच्या दमट हवेत तो दोन-दोन दिवस बोटाला चिकटतो, वरून वाळला तरी आतून कच्चा राहतो. नख लागलं की ओरखडा, वाफ लागली की फोड. पुढे काही आठवडे तान्ह्या पोरासारखा जपावा लागतो.

"हाच," शकू म्हणाली. "आणि शेवटचा हात गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मारायचा."

सगळी मुंबई गणपतीच्या आधी आठ-पंधरा दिवस रंगकाम उरकून मोकळी होते. चतुर्थीला ओली कपाटं ठेवणारी बाई एक तर बिनडोक असते, नाही तर तिच्या मनात काहीतरी असतं. शकूच्या मनात सूड होता. पुरता मुरलेला, तोंडाला झाकण घट्ट लावलेला सूड. तो कुणावर आणि कशासाठी, हे सांगायचं तर आधी तिच्या आईविषयी सांगायला हवं.

शकूची आई द्रौपदी कुडाळजवळच्या एका वाडीतली. नवरा परळच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर तो गावी परतला, तिथे खंगला आणि गेला. द्रौपदी मागे राहिली ती चार कुणग्यांची भातशेती, दोन माड आणि दोन हात घेऊन. हात मात्र असे की वाडीतल्या कुठल्याही लग्नाचे वडे तिच्याशिवाय तळले जात नसत. विधवा म्हणून तिला मांडवात पुढे कुणी बोलावलं नाही आणि चुलीपाशी मागे कुणी सोडलं नाही. तिच्या हातच्या मोदकाच्या पाऱ्या इतक्या बारीक असायच्या की मोदक खायला घेताना माणूस क्षणभर थांबायचा.

शकूचं लग्न सुबोधशी झालं. तेही मूळचे तिकडचेच, पण सासऱ्याचं भावांशी वाजलं आणि त्याने गावच्या गणपतीतला आपला वाटा सोडून मुंबईतच देव आणायला सुरुवात केली. सुबोध एका खाजगी कंपनीत हिशेबनीस. स्वभावाने गरीब, आवाज कधी न चढवणारा. शेजारणी शकूला म्हणायच्या, नशीब काढलंस. घरात शब्द चालायचा तो सासूचा आणि त्याहून जास्त सुबोधच्या थोरल्या बहिणीचा, जानकीताईंचा. त्या बोरिवलीला दिलेल्या, पण हुकूम नाहूरला चालायचा. नाहूरचं घर घेतलं तेव्हा स्वयंपाकघराची ती लालसर तपकिरी कपाटं त्यांनीच पसंत केली होती. सुतारही त्यांच्याच नवऱ्याच्या ओळखीचा. जानकीताई चांगल्या उंच, त्यामुळे वरची कपाटं त्यांच्या हाताला येतील अशी लागली. शकू आजतागायत मीठ-मसाल्यासाठी पाटावर चढत आली आहे. तेही तिने सोसलं असतं. उंची काय, देवाने दिलेली.

शकूची मुलगी श्रुतिका शाळेत होती त्या साली द्रौपदी पहिल्यांदा लेकीच्या घरी गणपतीला आली. सगळे चाकरमानी कोकणात निघालेले आणि ही एकटी उलटी मुंबईला. आणताना तिने स्वतःच्या शेतातले तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, दळून आणले होते. चार नारळ, गूळ, हळदीची पानं. ओझ्याने तिचा खांदा उतरला होता, तरी चतुर्थीला सकाळी आंघोळ करून ती आपणहून स्वयंपाकघरात खाली बसली आणि उकडीची परात पुढे ओढली. शकू ओट्याशी पाणी उकळत होती. सासू स्टुलावर बसून देखरेख करत होती. तेवढ्यात जानकीताई आत आल्या.

"तुम्ही हात लावू नका," त्या म्हणाल्या. "नैवेद्याचं आहे."

आवाज चढवला नव्हता. कुणाच्या हातातली सुरी काढून घ्यावी तशी त्यांनी परात काढून घेतली. सासूने मान डोलावली. द्रौपदीने हाताला लागलेली उकड बोटाबोटाने निपटून परातीच्या काठाला लावली, म्हणजे वाया जायला नको, आणि ती उठली. शकूला बोलायचं होतं. तिने गॅस मोठा केला. पुन्हा वळून पाहिलं तेव्हा आई बाल्कनीत लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाठमोरी बसली होती आणि बाल्कनीचं सरकतं काचेचं दार ओढलेलं होतं. आरती झाली, पाहुणे जेवले, आईचं ताट तिकडेच गेलं. त्या ताटातले मोदक तिच्याच पिठाचे होते. तिच्या तांदळाला विटाळ नव्हता, नारळाला नव्हता, गुळाला नव्हता, फक्त हाताला होता.

गावच्या एसटीत बसवून देताना शकूने आईचा हात धरला, तर द्रौपदीच तिची समजूत घालू लागली. म्हणाली, "थंय वारो बरो होतो गो, बाय." त्यानंतर ती नाहूरला कधीच आली नाही. डोळ्याचं ऑपरेशनसुद्धा तिने कुडाळलाच करून घेतलं. दोन पावसाळे गेले आणि ती गेली.

शकूने हे पोटात ठेवलं. बाईमाणूस पोटात काय काय ठेवतं याची मोजदाद कुणी करत नाही, ते बरंच आहे. दर गणपतीला जानकीताई यायच्या, पदर खोचून परातीपुढे बसायच्या, आणि शकू हसून त्यांच्यापुढे नारळ ठेवायची. सासू-सासरे वारले. श्रुतिका नोकरीला लागली. मग गेल्या चैत्रात जानकीताईंचे यजमान हृदयविकाराने गेले.

श्रावण लागला तेव्हा एकदा जेवताना सुबोधने विषय काढला. ताई यंदाही येणार आहे, तिला एकटं वाटू द्यायचं नाही, मोदक नेहमीसारखे तीच करेल, आणि कुणी काही बोललं तर तू सांभाळून घे, असं तो म्हणाला. वर म्हणाला, "आता काळ बदललाय, शकू. ते विधवा-बिधवा कोण मानतं?"

शकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काळ बदलला होता म्हणे. कधी बदलला? भावोजी गेले त्या दिवशी? द्रौपदी परातीवरून उठली तेव्हा हाच सुबोध बाहेरच्या खोलीत मखराला पताका लावत होता, तेव्हा याच्या काळाला काय झालं होतं? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आजवर तिने हजारदा वापरली होती, पण तिचा चटका आज बसला. तिने त्याला भात वाढला.

पहिले काही दिवस तिने एकच बेत मनात घोळवला. जानकीताई परातीपुढे बसल्या की तेच वाक्य त्यांच्या तोंडावर मारायचं. तुम्ही हात लावू नका, नैवेद्याचं आहे. किती गोड होतं ते! पॅकिंगच्या टेबलाशी हार डबीत भरता भरता ती ते जिभेवर फिरवायची. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की हे म्हणायचं तर विधवेच्या हाताला विटाळ असतो, हे आपणच मान्य करायचं. म्हणजे आईला आपणच पुन्हा एकदा परातीवरून उठवायचं. तिला स्वतःचीच शिसारी आली. वाक्य तेच हवं होतं, पण कारण वेगळं हवं होतं, आणि असं कारण काही केल्या सापडेना.

ते सापडलं धम्मपालच्या गाळ्याबाहेर. नुकतंच रंगवलेलं एक कपाट फुटपाथवर उभं होतं आणि त्यावर पुठ्ठा टांगला होता: ओला रंग, हात लावू नये. शकू त्या पुठ्ठ्यापुढे उभी राहून हसली. टपरीवाला बघतच राहिला.

घरी सुबोधने अर्थातच विचारलं की ऐन गणपतीत हे काय काढलंस, आणि ती कपाटं ताईने पसंत केलेली, तिला विचारलंस का. शकू म्हणाली, ताईंना सरप्राइज द्यायचंय. सुबोधचे डोळे पाणावले. बहिणीवर बायकोची एवढी माया पाहून त्याला इतकं बरं वाटलं की तो स्वतःहून भांडी उतरवायला लागला.

धम्मपाल चतुर्थीच्या आधी चार दिवस आला. त्याने सोड्याच्या पाण्याने कित्येक वर्षांची तेलकटी घासून काढली, पॉलिश पेपर मारला, प्रायमरचा हात दिला. लालसर तपकिरी रंग पांढऱ्याखाली गेला तेव्हा शकूला उघड उघड आनंद झाला. जानकीताईंच्या पसंतीवर कुणीतरी ओला ब्रश फिरवतंय, हे बघायला ती कामावर रजा टाकून बसली होती. मग राखाडीचा पहिला हात बसला आणि तिला वाटलं नव्हतं असं झालं. खोली मोठी दिसायला लागली. खिडकीतला उजेड कपाटांवर येऊन थांबायला लागला. सूड म्हणून आणलेला रंग इतका सुरेख निघेल, असं तिने धरलंच नव्हतं. ती थोडा वेळ ओट्याला टेकून रडली आणि मग धम्मपालला चहा टाकला.

चहा पिताना त्याने विचारलं, "मावशी, नक्की कुणी हात लावायचा नाहीये?"

तिने सगळं सांगितलं. परात, उकड, ते वाक्य. धम्मपाल ऐकत राहिला. त्या वाक्याची त्याला ओळख करून द्यायची गरज नव्हती. त्याच्या आजीने ते गावच्या विहिरीवर ऐकलं होतं आणि मरेपर्यंत सांगितलं होतं. त्याने कप विसळून ठेवला.

"मग शेवटचा हात जरा जाडच मारतो," तो म्हणाला.

चतुर्थीची सकाळ दमट उजाडली. कपाटं चकचकत होती आणि रंगाचा वास घरभर होता. बाहेरच्या खोलीत देव बसला, भटजी पूजा सांगून पुढच्या घरी पळाले. नैवेद्याचं भाजी-वरण शकूने पहाटेच शेजारच्या घरी शिजवून आणलं होतं, आणि मोदक सांगितले होते सोसायटीतल्या मालनबाईंकडे. त्या दरवर्षी ऑर्डरी घेतात. मालनबाईंचा नवरा जाऊन जमाना झाला. अख्खी सोसायटी त्यांचेच मोदक देवापुढे ठेवते आणि डबा घेताना त्यांच्या नवऱ्याची चौकशी आजवर कुणी केलेली नाही. पैसे देऊन घेतलं की विटाळ पळतो बहुतेक.

जानकीताई आल्या तेव्हा श्रुतिका दारात रांगोळी काढत होती. त्या वर्षभरात खांद्यातून वाकल्या होत्या. फिकट साडी, कपाळावर टिकली आहे की नाही कळू नये इतकी बारीक. देवाला नमस्कार केला, भावाच्या पाठीवरून हात फिरवला आणि सवयीने पदर खोचत त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. उंबऱ्यातच थबकल्या. आपली कपाटं शोधावीत तशी त्यांची नजर सगळीकडे फिरली. मग हात पुढे झाला.

शकू तयारच होती. तिने हे वाक्य इतक्यांदा मनात म्हटलं होतं की तोंडातून आलं ते अगदी सहज आलं.

"ताई, तुम्ही हात लावू नका. ओलं आहे."

हात जागीच थांबला. शकूने पुढचंही ठरवलेलं होतं. वास डोक्यात जाईल, तुम्ही बाहेर बसा, तिथे वारा आहे, असं म्हणून तिने त्यांना बाल्कनीत नेलं. तीच लाल खुर्ची, आता उन्हाने फिकटलेली, तिने आधीच पुसून ठेवली होती. जानकीताई मुकाट्याने बसल्या. शकू समोर कठड्याला टेकून उभी राहिली. एवढी वर्षं वाट पाहिली होती ती या तोंडासाठी. आता त्यांना आठवेल, आता चेहरा उतरेल, आता त्या वर बघतील.

चेहरा उतरला, पण शकूला हवा होता तसा नाही. जानकीताई खालीच बघत म्हणाल्या की त्यांना वाटलंच होतं. सासरी चैत्रापासून हेच चाललं आहे. जाऊबाईंनी मंगळागौरीला सांगितलं, तुम्ही आत बसा. हळदीकुंकवाला सांगितलं, तुम्ही जरा उशिरा या. या घरात तरी असं होणार नाही, असं त्या मनाशी म्हणत आल्या होत्या. "रंगाचं निमित्त कशाला काढलंस?" त्या म्हणाल्या. "सरळ सांगितलं असतंस तरी मी बसले असते."

शकू कठड्यापासून पुढे झाली. आपण किती जपून कारण बदललं होतं, आणि या बाईने ते उलटून पुन्हा तेच करून ठेवलं! दया यायला लागली होती. पण तिने त्या दयेला दारातच उभं केलं. आईसाठी कुणाला आली होती दया?

"विधवा म्हणून नाही बसवलं तुम्हाला," ती म्हणाली. "माझ्या आईला तुम्ही इथे बसवलं होतंत म्हणून बसवलंय. याच खुर्चीत. दार लावून. आठवतंय?"

जानकीताईंनी मान वर केली. आठवत होतं. डोळ्यांत दिसत होतं की सगळं आठवतंय, परातसुद्धा. हात लावू नका असं मीच म्हटलं, त्या म्हणाल्या. आईने शिकवलेलं, मी बोलले, आणि या वर्षात ते मला रोज आठवलंय, तुला काय सांगू. त्याची माफी मागायची म्हटली तर ज्यांची मागायची त्या नाहीत. भावाविषयी बोलावं की नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं असावं.

"पण खुर्ची मी नाही ठेवली, शकू. मी परात घेऊन बसले होते, मी उठले कुठे? खुर्ची सुबोधने आणली. आणि पाहुणे यायला लागले तेव्हा दारही त्यानेच ओढून घेतलं."

शकूला आधी वाटलं, ही बाई आपली कातडी वाचवायला भावावर ढकलतेय. मग तिला आठवलं की जानकीताईंच्या दोन्ही हातांना तेव्हा उकड होती. सासूला गुडघ्यांनी स्टुलावरून उठवत नव्हतं. सासरे आणि भावोजी भटजींना आणायला गेलेले. घरात उरलेलं मोठं माणूस एकच होतं, पताका लावणारं, आवाज कधी न चढवणारं. एवढी वर्षं तिने त्याला मूग गिळून बसणारा म्हणून माफ केलं होतं. म्हणायची, बहिणीपुढे काय बोलणार बिचारा. त्या बिचाऱ्याने खुर्ची उचलून आणली होती. तिच्या आईला खांद्याला धरून, आदबीने, वारा बरा आहे म्हणून बसवलं होतं. आईने एसटीपाशी सांगितलेलं ते वाऱ्याचं वाक्य कुणाचं होतं, ते आता कळलं.

ती आत गेली. सुबोध निरांजनात वाती घालत होता. पाहुण्यांच्या चपला दाराबाहेर वाजायला लागल्या होत्या. तिने हळू आवाजात एवढंच विचारलं की आईला बाल्कनीत खुर्ची कुणी दिली होती.

तो दचकला. त्याने कोणत्या आईला, कधी, असं काही विचारलं नाही. यावरूनच तिला सगळं कळलं.

"माणसं येत होती, शकू," तो म्हणाला. "उगाच त्यांच्यापुढे शोभा नको म्हणून. मी काही वाईट मनाने नाही केलं."

आरडाओरडा करावा असं शकूला वाटलं नाही. राग इतका थंड होता की तिला स्वतःला त्याचं नवल वाटलं. एवढा खटाटोप करून तिने भलत्याच माणसासाठी रंग काढला होता. जानकीताईंचं त्यांच्या जाऊबाईंनी परस्पर फेडलं होतं. पापाचा खरा धनी तर रोज रात्री तिच्या हातचा भात जेवत होता.

पाहुणे आत आले. ऑफिसातले दोन, खालच्या मजल्यावरचं कुटुंब, सुबोधचे एक मामा. आरती झाली की घरच्या सुनेने नैवेद्याचं ताट देवापुढे ठेवायचं, ही त्या घरची रीत, सासूने घालून दिलेली. ताट वाढून तयार होतं. शकूने दोन मोदक वाटीत घेतले, एक जादाची खुर्ची उचलली, पाहुण्यांना हसून या या म्हटलं आणि ती बाल्कनीत गेली. खुर्ची जानकीताईंच्या शेजारी मांडली. वाटी त्यांच्या हातात दिली. मग काचेचं दार आतल्या सगळ्यांच्या देखत ओढून घेतलं आणि त्याची मूठ धरून बसली.

आत टाळ्या सुरू झाल्या, झांजा वाजल्या. काचेतून सगळं दिसत होतं. मामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सुबोधला काहीतरी विचारलं. तो हसला. कापूर नव्हता म्हणून की काय, तो धावत स्वयंपाकघरात गेला, कपाट ओढलं असावं, आणि परत आला तेव्हा उजव्या हाताची चार बोटं राखाडी झाली होती. ती त्याने धोतराला पुसली, तर धोतरालाही लागली. आरती संपली. ताट तिथेच, वाढलेलं. पुन्हा कुणीतरी विचारलं. आता सगळ्याच माना बाल्कनीकडे वळल्या.

जानकीताईंनी शकूच्या दंडाला हात लावला आणि जा म्हणाल्या, देव तिष्ठत बसलाय. शकू म्हणाली, माझी आईसुद्धा बसली होती, आणि मोदक खा, मालनबाईंनी केलेत, चांगले झालेत.

सुबोध काचेपाशी आला. रंगलेल्या बोटांनी त्याने टकटक केली आणि काचेवर ठसे उमटले. शकूने दार वीतभर सरकवलं.

"लोक विचारतायत तू कुठे आहेस," तो दबक्या आवाजात म्हणाला. घाम त्याच्या मानेवरून चालला होता. "काय सांगू त्यांना?"

"खरं ते सांगा," शकू म्हणाली. "म्हणावं, तिच्या आईला मी जिथे बसवलं होतं ना, तिथे बसली आहे. मोठ्याने सांगा, मला इथे ऐकू आलं पाहिजे. मग मी नैवेद्य ठेवायला येते."

तो पाहुण्यांकडे वळला आणि घसा खाकरला. शकूने दार आणखी थोडं उघडं केलं.